गोळ्या संपल्या तरी लघवीची जळजळ राहिलीय? दुसरी स्ट्रिप आणायच्या आधी हे वाचा

मिरजेत मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, लघवीचं कल्चर लावणं, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघणं, हे माझं रोजचं काम, आणि गर्दी असली की काउंटरवर रिपोर्ट द्यायलाही मीच असते. तिथं सगळ्यात जास्त कानावर येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, पाच दिवसाच्या गोळ्या संपल्या, पहिल्यासारखी आग नाही, पण लघवी झाल्यावर चुरचुरतंय अजून, म्हणजे इन्फेक्शन गेलंच नाही काय वो?" विचारणारी कधी सांगलीच्या विश्रामबागेतली बँकेत नोकरी करणारी असते, कधी तासगावच्या द्राक्षबागेत कामाला जाणारी मावशी. चेहऱ्यावरची काळजी दोघींच्या सारखीच असते. आणि त्या काळजीपोटी अर्ध्याजणी त्याच दिवशी मेडिकलमधून अजून एक स्ट्रिप घेऊन मोकळ्या होतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, कुठलं औषध घ्या ते सांगणार नाही, पण आत काय चाललेलं असतं आणि रिपोर्ट कसा वाचायचा एवढं नक्की सांगू शकते.

पहिली गोष्ट ही की त्रास राहिलाय आणि जंतू राहिलेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा जंतू गेलेले असतात आणि त्रास मागं राहिलेला असतो.

लघवीच्या साध्या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जंतू सापडतो, हा मूळचा आपल्याच आतड्यातला. बायकांची लघवीची नळी जेमतेम 4 सेंटीमीटरची, पुरुषांची साधारण 20, त्यामुळं बाहेरचा जंतू वर मूत्राशयात पोचायला बायकांच्यात वेळ लागत नाही. अस्वच्छता, घाणेरडी सवय वगैरे काही नसतं त्यात, शरीराची रचनाच तशी आहे, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण कित्येकजणी उगाच मान खाली घालून येतात. या जंतूला केसासारखे बारीक धागे असतात, त्यांनी तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो, म्हणून नुसत्या लघवीच्या धारेनं तो वाहून जात नाही. मग शरीर काय करतं, तर अस्तराच्या वरच्या थरातल्या पेशीच सोडून देतं, जंतूसकट. पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते, तिथल्या नसा इतक्या हळव्या होतात की चार चमचे लघवी साठली तरी "चल लवकर" असा निरोप जातो.

गोळ्या जंतू मारतात, पण सोलपटलेलं अस्तर त्या भरून आणत नाहीत, ते शरीराला स्वतः करावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. पायातला काटा काढला तरी दोन दिवस ठणकत राहतं ना, तसंच हे. औषध बरोबर लागू पडलं असेल तर साधारण दोन-तीन दिवसात स्पष्ट फरक जाणवायला पाहिजे, आणि उरलेली बारीक चुरचुर, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात जडपणा हे काहीजणींना कोर्स संपल्यावरही काही दिवस, कधी आठवडाभर राहू शकतं. बघायचं हे की रोज थोडं कमी होतंय का. कालच्यापेक्षा आज कमी, आजच्यापेक्षा उद्या कमी, असं असेल तर तुम्ही बऱ्या होताय. उलट पाचव्या दिवशीपण पहिल्या दिवसासारखीच आग होत असेल, किंवा मधे पूर्ण बरं वाटून पंधरा दिवसाच्या आत परत सुरू झालं, तर डॉक्टरांकडं परत जायचं आणि कल्चर करायचं, तिथं वाट बघण्यात अर्थ नाही.

आणि काही वेळा तर आठवडाभर काय, एक दिवसही थांबायचं नाही. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बरगडीखाली एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, लघवी तुंबणं, किंवा म्हाताऱ्या माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं, यातलं काही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. गरोदर बाई, लहान मूल, शुगरचा पेशंट, लघवीसाठी नळी घातलेला पेशंट आणि कुठलाही पुरुष, यांनीपण "राहील आपोआप" म्हणत घरी बसायचं नाही.

आता माझ्या टेबलावरचं सांगते, कारण निम्मी भीती रिपोर्टच्या कागदातून येते.

कल्चर म्हणजे काय, तर तारेचा एक बारीक लूप असतो, त्याच्या टोकाला वाटाण्यापेक्षाही कितीतरी लहान कडी, त्यात लघवीच्या एका मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. तो डबीत सरळ उभा बुडवायचा आणि जेलीसारख्या प्लेटवर रेघा ओढायच्या. आमच्याकडची प्लेट निळसर हिरवी असते. ती 37 डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवायची, आणि सकाळी उघडल्यावर ई. कोलाय असेल तर प्लेट पिवळी पडलेली असते, वर पिवळे गुळगुळीत ठिपके. एक ठिपका म्हणजे मूळ एक जंतू असं धरायचं, म्हणजे 100 ठिपके आले की मिलिलिटरला 1 लाख जंतू. रिपोर्टवर तो 1 लाखाचा आकडा दिसतो तो असा येतो, आणि एवढे जंतू असले की इन्फेक्शन धरायचं ही रेघ 1950 च्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड कास यांच्या कामातून आली. पण ती रेघ काही दगडावरची नाही. आग होतेय, सारखी लघवी लागतेय अशा बाईच्या बाबतीत त्याच्या खूप खालचा आकडापण खरा धरतात, आणि काहीच त्रास नसलेल्या बाईला 1 लाखाच्या वर आले तरी बहुतेक वेळा औषधाची गरज नसते.

हे दुसरं वाक्य ऐकून लोक चमकतात. पण खरं आहे. लघवीत जंतू आहेत पण त्रास काही नाही, अशी स्थिती असते, वय वाढलं की जास्तच, शुगर असलेल्या बायकांच्यात जास्त. अशा वेळी गोळ्या द्यायच्या नाहीत असं आता डॉक्टरी नियमावली सांगते, अपवाद मुख्यतः दोन, गरोदर बाई आणि लघवीच्या मार्गाचं काही विशिष्ट ऑपरेशन ठरलेला पेशंट. गोळ्या दिल्या तर फायदा होत नाही, उलट साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागं राहतात. म्हणून पूर्ण बरं वाटत असताना "एकदा खात्री करून घेऊ" म्हणून कल्चर करायला येऊ नका. गरोदर असाल तर मात्र या, तिथं बरं वाटलं तरी कोर्सनंतर तपासायला डॉक्टर सांगतात आणि ते गरजेचं असतं.

तसंच पस सेल्सचं. साध्या युरिन रुटीनच्या रिपोर्टवर नॉर्मल 0 ते 5 छापलेलं असतं आणि पेशंटच्या 8-10 आलेल्या असतात, की फोन सुरू, "ताई पू आहे म्हणे लघवीत!" अहो त्या पांढऱ्या पेशी आहेत, साफसफाईला आलेल्या, आणि जंतू गेल्यावरही त्या काही दिवस दिसत राहतात. शिवाय सॅम्पल नीट घेतलं नसेल तर अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्यातल्या पेशी त्यात मिसळतात. रिपोर्टवर एपिथेलियल सेल्स, म्हणजे कातडीच्या-अस्तराच्या पेशी, भरपूर लिहिलेलं असेल तर ते सॅम्पल बाहेरच्या त्वचेला लागून आलंय असं समजा, तिथं पस सेल्सच्या आकड्यावर फार विसंबायचं नाही. कल्चरला "मिक्स्ड ग्रोथ", म्हणजे बऱ्याच जंतूंची सरमिसळ, आलं तर त्याचाही अर्थ बहुतेक वेळा हाच, परत सॅम्पल द्या.

सॅम्पल कसं द्यायचं हे कुणी धड सांगतच नाही, नुसती डबी हातात देतात. तर आधी साध्या पाण्यानं धुवायचं, डेटॉल वगैरे काही लावायचं नाही, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, शेवटची परत सोडायची, आणि डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. सकाळची पहिली लघवी चांगली, नाहीतर तीन-चार तास थांबून घेतलेली. यायच्या आधी तांब्याभर पाणी पिऊन आलात तर लघवी पातळ होते आणि आकडा खोटा कमी येतो. सगळ्यात महत्त्वाचं, दोन तासाच्या आत लॅबला पोचवायची, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची आणि बर्फाच्या पिशवीबरोबर आणायची. ई. कोलायला पोषक वातावरण मिळालं तर तो वीस मिनिटात दुप्पट होतो, आणि मे महिन्यात जतहून एसटीत पिशवीत ठेवून आणलेली डबी म्हणजे त्याला तसंच वातावरण झालं. हजाराचे लाख वाटेतच होतात, आणि मग न झालेल्या इन्फेक्शनवर औषध सुरू होतं. तुमच्यापैकी कुणी एवढी एकच गोष्ट पाळली तरी मला खूप बरं वाटेल.

अजून एक, अँटिबायोटिक चालू असताना दिलेल्या सॅम्पलवर "नो ग्रोथ" आलं तर त्यावरून काही ठरत नाही. लघवीत औषधच उतरलेलं असतं, जंतू वाढणार कसे. चालू असलेलं औषध स्वतःहून मात्र बंद करायचं नाही, सॅम्पल कधी द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारायचं.

बरं, कधीकधी जंतू खरंच राहिलेले असतात, ते का? पहिलं कारण, औषध त्या जंतूला लागू पडत नाही. कल्चरमध्ये जंतू मिळाला की दुसऱ्या दिवशी आम्ही त्याचा पातळ थर प्लेटवर पसरतो आणि वर औषधाच्या गोल चकत्या ठेवतो, औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण तयार होतं, ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्या चकत्यांभोवती कितीतरी वेळा रिंगणच नसतं, जंतू अगदी चकतीला खेटून वाढलेला असतो. भारतभर ई. कोलायचं हेच चित्र आहे. आणि हीच ती औषधं जी "मागच्या वेळी हीच दिली होती" म्हणून परस्पर मागितली जातात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत असा नियम आहे, आणि दुसरी काही अँटिबायोटिक तर 2014 पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत, म्हणजे दुकानदारानं त्यांची नोंदपण ठेवायची, पण मागणारा आणि देणारा दोघंही ऐकत नाहीत. एक कोर्स फसला तर दुसरा अंदाजानं घ्यायचा नाही, कल्चर लावायचं, आणि डॉक्टर देतील ते औषध दिलेत तेवढे दिवस घ्यायचं.

दुसरं कारण औषध घेण्याची पद्धत. नायट्रोफ्युरँटॉइन नावाची जुनी गोळी लघवीच्या साध्या इन्फेक्शनला अजून चांगली चालते, ती जेवणाबरोबर घ्यायची असते, लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते त्यानं घाबरायचं नाही. पण ती आंबट लघवीत जास्त चांगलं काम करते, आणि आपल्याकडं आग कमी व्हावी म्हणून लघवीचा आंबटपणा कमी करणारं (अल्कली) सिरप सर्रास घेतलं जातं. दोन्ही एकत्र चालू असतील तर डॉक्टरांना दाखवून विचारा, सिरप मनानं चालू ठेवू नका. शिवाय ही गोळी किडनीच्या मांसात पुरेशी पोचत नाही, म्हणून ताप-कंबरदुखी असेल तर तिच्यावर विसंबत नाहीत. तिसरं कारण, आत कुठंतरी जंतूला आसरा आहे, मुतखडा असेल, लघवी पूर्ण बाहेर पडत नसेल, पुरुषांच्यात पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असेल. तोच जंतू लगेच लगेच परत येत असेल तर सोनोग्राफी करून बघतात ती याचसाठी, आणि त्यात लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते तेपण मोजतात. सहा महिन्यात दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन धरतात, अशा वेळी युरॉलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या मार्गाच्या डॉक्टरांना, एकदा दाखवावं.

आणि आता ती मोठी बाजू जिच्याकडं फार कमी लक्ष जातं. कल्चर व्यवस्थित दिलं, नो ग्रोथ आलं, तरी त्रास आहे. मग अजून अँटिबायोटिक नको, कारण दुखणं वेगळं आहे.

अँटिबायोटिकनं चांगले जंतूपण मरतात आणि योनीमार्गात बुरशी वाढते, मग खाज येते, दह्यासारखं पांढरं जातं, आणि लघवी बाहेरच्या चरचरलेल्या कातडीवरून गेली की आग होते. आग आत होतेय की बाहेर, हे नीट लक्ष देऊन बघा आणि तसंच डॉक्टरांना सांगा, त्या एका वाक्यानं निदान बदलतं. पाळी गेलेल्या बायकांच्यात हार्मोन कमी होऊन तिथली कातडी पातळ, कोरडी होते, त्यानं पण अगदी इन्फेक्शनसारखी चुरचुर होते आणि खरं इन्फेक्शनही वारंवार होतं. त्याला योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम असतं, चांगला उपयोग होतो, पण साठीच्या काकू ही गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायलाच लाजतात, "आता या वयात काय" म्हणतात. या वयातच सांगायचं ना! मुलींनो, सुनांनो, तुम्ही बरोबर जा त्यांच्या.

शुगर वाढलेली असली की लघवी जास्त होते, ते इन्फेक्शन नसतं. शुगरच्या नव्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यामुळं लघवीच्या जागी बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं. शुगरच्या डॉक्टरांना हे सांगा, गोळी स्वतः बंद करू नका. शरीरसंबंधातून होणारे काही आजार असेच आग करतात आणि साध्या कल्चरमध्ये सापडत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी. मूत्राशय भरत आलं की दुखतं, रिकामं केलं की बरं वाटतं, असं सहा आठवड्यांच्या वर चाललंय आणि जंतू काही नाही, तर तो मूत्राशयाच्या दुखण्याचा वेगळा आजार असू शकतो, त्याला उपचार आहेत पण अँटिबायोटिक हा उपचार नाही. महिनेच्या महिने पस सेल्स आहेत आणि कल्चर दरवेळी कोरंच, वजन उतरतंय, बारीक ताप येतोय, तर आपल्याकडं लघवीच्या मार्गाचा टीबी डोक्यात ठेवावाच लागतो. तो आमच्या नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही, त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीची वेगळी तपासणी सांगतात. हा घाबरायचा नाही तर विचारायचा मुद्दा आहे, कारण टीबी सापडला तर बरा होतो.

काळजीचंही बोलते, कारण ती खोटी नसते पण त्रास वाढवते. एकदा आग सोसली की मन सतत तिथंच जातं. मग घरातून निघताना एकदा, पोचल्यावर एकदा, जेवायच्या आधी एकदा, लागलेली नसतानाही "जाऊन येऊ". मोठ्या माणसाच्या मूत्राशयात 400 ते 500 मिलिलिटर सहज मावते, पण थोड्या थोड्या लघवीला रिकामं करायची सवय लावली की ते थोड्यालाच कुरकुरायला लागतं. आगीच्या भीतीनं ओटीपोटाचे खालचे स्नायू सारखे आवळलेले राहतात, त्यानंही धार अडखळते आणि नंतर दुखतं. इन्फेक्शन गेल्याचं नक्की झालं की दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं, दहा मिनिटं, मग पंधरा, सावकाश श्वास घेत, पोट सैल सोडून. फिजिओथेरपीमध्ये या स्नायूंचे व्यायाम शिकवतात, हे बऱ्याचजणींना माहीतच नसतं. इन्फेक्शन चालू असताना मात्र लघवी दाबून ठेवायची नाही.

पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडची अडचण पाण्याची नाही, संडासची आहे. बागेत दिवसभर द्राक्षाची विरळणी करणारी बाई, फडात ऊसतोडीला गेलेली बाई, आटपाडीला एसटीनं जाणारी मास्तरीण, या पाणी पीत नाहीत कारण जायला जागा नाही. त्यांना "भरपूर पाणी प्या" सांगणं सोपं आहे. तरी सांगते कारण त्याला आधार आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला लावलं, तर वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला आणि बाकीच्यांना 3.2 वेळा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच पाणी.

धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी खुशाल घ्या, उन्हाळी लागल्यावर घरात तेच देतात आणि जीवाला थंड वाटतं, पण त्यानं ई. कोलाय मरत नाही, तेव्हा गोळीच्या जागी नाही, गोळीबरोबर. चहा-कॉफी, झणझणीत रस्सा आणि सोडा काही दिवस कमी करून बघा, हळव्या मूत्राशयाला ते चावतं.

"किडनी जाईल का हो माझी?" हा शेवटचा प्रश्न, तो दाराशी जाऊन परत येऊन विचारतात. मूत्राशयाचं साधं इन्फेक्शन होऊन गेल्यावर राहिलेल्या चुरचुरीनं किडनी खराब होत नाही. किडनीला धोका वर सांगितलेल्या ताप-थंडी-कंबरदुखीच्या इन्फेक्शनचा आणि अडकलेल्या खड्याचा असतो, म्हणून ती लक्षणं पाठ करून ठेवा आणि बाकीच्या चुरचुरीला तिचे दिवस द्या.

डॉक्टरांकडं परत जाताना जुनी चिठ्ठी, आधीचे सगळे कल्चर रिपोर्ट आणि घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा न्या. नुसतं "पिवळी कॅप्सूल होती" म्हणून कळत नाही. एका कागदावर दोन दिवसाचं लिहून न्या, किती वाजता गेलात, अंदाजे किती झाली, आग आधी, होताना की नंतर. आणि डबी आणायची असेल तर फ्रिजमधून थेट, बर्फाच्या पिशवीबरोबर, वर नाव आणि सॅम्पल घेतल्याची वेळ लिहून.